समान नियम आणि समान संधी

लोकशाही राज्यात सर्वांना एकच नियम लागू असावा, हे तत्त्व आता आपल्या अंगवळणी पडले आहे. जाहिरात सर्वांसाठी एकच, परीक्षा एकच, उत्तीर्ण होण्याची अटही एकच. मग अन्याय कोणावर आणि कसा होईल, असे आपण सहज म्हणून जातो. नियम करणाऱ्याच्या मनात दुजाभाव नसेल, तर त्या नियमातून दुजाभाव उत्पन्न होणार नाही, असेही आपण गृहीत धरतो. शासकीय कार्यालयात, शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ज्यांना इतरांसाठी नियम करावे लागतात किंवा केलेले नियम अमलात आणावे लागतात, त्यांनी हे गृहीतक एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

नियम एक असणे आणि संधी समान असणे या दोन गोष्टी पुष्कळदा बरोबर जातात, पण नेहमीच नाही. त्यांच्यातील अंतर न्यायालयीन निकालाद्वारे अत्यंत स्पष्टपणे मांडले गेले ते अमेरिकेत, ८ मार्च १९७१ रोजी. एका वीज कंपनीतील कृष्णवर्णीय मजुरांनी दाखल केलेला हा खटला 'ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर कंपनी' या नावाने ओळखला जातो. प्रस्तुत लेखात त्या खटल्याची हकीकत, त्यातून निघालेले तत्त्व, त्या तत्त्वाच्या मर्यादा आणि आपल्या राज्यातील विचारपरंपरेशी व राज्यघटनेशी असलेला त्याचा संबंध यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

डॅन नदीकाठचे वीजकेंद्र

अमेरिकेच्या दक्षिण भागात नॉर्थ कॅरोलिना हे राज्य आहे. त्या राज्यात ड्रेपर या गावी (हे गाव १९६७ पासून ईडन शहरात समाविष्ट झाले आहे) डॅन नदीच्या काठी ड्यूक पॉवर कंपनीचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र होते. आपल्याकडील कोराडी, परळी किंवा एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तेथील कामाचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. कोळसा उतरवून घ्यावयाचा, त्याचे वजन व नमुने घ्यावयाचे, बाष्पके व जनित्रे चालवावयाची, त्यांची देखभाल करावयाची आणि या सर्वांच्या खाली झाडलोट व ओझ्याची कामे करावयाची.

या केंद्रात पाच विभाग होते : मजूर विभाग, कोळसा हाताळणी विभाग, यंत्रचालन विभाग, देखभाल विभाग आणि प्रयोगशाळा व चाचणी विभाग. खटला उभा राहिला त्या सुमारास तेथे एकूण ९५ कर्मचारी होते व त्यांपैकी १४ कृष्णवर्णीय होते. या चौदा जणांना दीर्घकाळ केवळ मजूर विभागातच काम दिले जात असे. त्या विभागातील सर्वांत वरच्या जागेचे वेतन इतर चार विभागांतील सर्वांत खालच्या जागेच्या वेतनापेक्षाही कमी होते. म्हणजे मजूर विभागात मनुष्य कितीही चढला, तरी शेजारच्या इमारतीतील पहिल्या पायरीपर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता.

१९५५ साली कंपनीने एक नियम केला. मजूर विभाग वगळता अन्य कोणत्याही विभागात नव्याने लागणाऱ्या उमेदवाराजवळ हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला असला पाहिजे, असा तो नियम होता. या नियमापूर्वी लागलेले व दाखला नसलेले गोरे कर्मचारी मात्र आपापल्या जागी राहिले. ते आपली कामे व्यवस्थित करीत होते आणि त्यांना बढत्याही मिळत होत्या. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे न्यायालयाच्या विवेचनात तिला महत्त्वाचे स्थान मिळाले.

दाखला आणि दोन चाचण्या

२ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्क कायदा संमत झाला. त्या कायद्याच्या सातव्या प्रकरणाने वंश, वर्ण, धर्म, लिंग किंवा मूळ राष्ट्रीयत्व यांच्या आधारे नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली. हे प्रकरण बरोबर एक वर्षाने, म्हणजे २ जुलै १९६५ रोजी अमलात आले. कायद्याची चाहूल लागल्यावर कंपनीने कृष्णवर्णीयांना केवळ मजूर विभागात ठेवण्याचे जुने धोरण सोडून दिले. परंतु मजूर विभागातून बाहेर पडावयाचे असेल तर हायस्कूलचा दाखला पाहिजे, ही अट घातली. कायदा अमलात आला त्याच दिवशी नव्या उमेदवारांसाठी आणखी एक अट आली. चांगल्या विभागात लागावयाचे तर दाखल्याबरोबर दोन लेखी चाचण्याही उत्तीर्ण झाल्या पाहिजेत. सप्टेंबर १९६५ मध्ये जुन्या कर्मचाऱ्यांना एक सवलत देण्यात आली. ज्यांच्याजवळ दाखला नाही त्यांनी या दोन चाचण्या उत्तीर्ण केल्या, तर त्यांना बदली मिळू शकेल.

या चाचण्यांपैकी एक सर्वसाधारण बुद्धिमापनाची आणि दुसरी यंत्रविषयक आकलनाची होती. दोन्ही बाजारात तयार मिळणाऱ्या प्रचलित चाचण्या होत्या. या वीजकेंद्रातील विशिष्ट काम उमेदवाराला जमेल की नाही, किंवा ते तो शिकू शकेल की नाही, हे मोजण्यासाठी त्या तयार केलेल्या नव्हत्या. उत्तीर्ण होण्याची मर्यादा सर्व देशातील हायस्कूल उत्तीर्णांच्या मध्यम गुणांइतकी ठेवलेली होती. याचा अर्थ असा की, हायस्कूल उत्तीर्ण झालेल्यांपैकीही जवळजवळ निम्मे लोक या चाचण्यांत गळाले असते.

नियम सर्वांना एकच होता. दाखल्याच्या अटीत वर्णाचा उल्लेख नव्हता आणि प्रश्नपत्रिका कोणासाठीही निराळी नव्हती. तरीही परिणाम काय होणार होता, ते आकड्यांवरून दिसते. १९६० च्या जनगणनेनुसार नॉर्थ कॅरोलिनात गोऱ्या पुरुषांपैकी ३४ टक्के हायस्कूल पूर्ण केलेले होते. कृष्णवर्णीय पुरुषांत हे प्रमाण अवघे १२ टक्के होते. चाचण्यांची गोष्टही तशीच. अशाच चाचण्यांचा वापर झालेल्या दुसऱ्या एका प्रकरणात समान रोजगार संधी आयोगाला असे आढळले होते की, गोऱ्या उमेदवारांपैकी ५८ टक्के व कृष्णवर्णीयांपैकी केवळ ६ टक्के उत्तीर्ण झाले.

हे अंतर बुद्धीचे नव्हते, शाळेचे होते. त्या राज्यात गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. अशा शाळा घटनाबाह्य असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. परंतु १९६५ मध्ये जे मजूर चाळिशीचे होते, त्यांचे शालेय वय त्या निर्णयापूर्वीच सरून गेले होते. ज्याला चांगली शाळा नाकारली, त्यालाच पुढे शाळेचा दाखला मागण्यात आला होता.

विली ग्रिग्ज व त्यांचे बारा सहकारी अशा तेरा जणांनी न्यायालयात दाद मागितली. खालच्या दोन्ही न्यायालयांतून त्यांना पुरता न्याय मिळाला नाही. नव्या अटी घालण्यामागे कंपनीचा भेदभावाचा हेतू सिद्ध होत नाही, असे अपील न्यायालयाचे मत पडले. कंपनीच्या बाजूने सांगण्याजोगे काही होतेही. अल्पशिक्षित कर्मचाऱ्यांनी हायस्कूलचे शिक्षण पूर्ण करावे म्हणून कंपनी त्यांच्या शुल्काचा दोन-तृतीयांश भाग स्वतः भरीत असे. शिवाय योग्य रीतीने तयार केलेल्या क्षमता-चाचण्या वापरण्यास कायद्यातच मुभा होती, आणि कंपनीचा भर त्या मुभेवर होता.

कोल्हा, करकोचा आणि न्यायालय

सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय एकमताने झाला. नऊपैकी एक न्यायमूर्ती सुनावणीत सहभागी नव्हते. उरलेल्या आठांच्या वतीने मुख्य न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी निकालपत्र लिहिले. आपले म्हणणे समजावून देताना त्यांनी इसापाच्या एका कथेचा दाखला दिला. ही कथा आपल्याकडे प्राथमिक शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. कोल्ह्याने करकोच्याला जेवावयास बोलाविले आणि पसरट ताटात पातळ पदार्थ वाढला. पदार्थ दोघांना एकच, ताटही तसेच. पण करकोच्याच्या लांब चोचीत त्यातले काहीच आले नाही. कोल्ह्याची पाळी आली तेव्हा करकोच्याने उभट, अरुंद तोंडाचे भांडे पुढे केले, आणि कोल्हा उपाशी राहिला.

न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा की, दोघांपुढे सारखेच दूध ठेवले एवढ्याने कायद्याला अभिप्रेत असलेली समानता साधत नाही. ज्या भांड्यातून ते द्यावयाचे, ते दोघांनाही वापरता येण्याजोगे असले पाहिजे. नोकरी मागणाऱ्याची स्थिती व त्याच्या भोवतालची परिस्थिती ध्यानात घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. म्हणून मालकाचा हेतू शुद्ध होता एवढे दाखविणे पुरेसे नाही. नियमाचा परिणाम काय झाला, हेही पाहिले पाहिजे. वरवर निष्पक्ष दिसणारी अट एखाद्या समाजगटाला मोठ्या प्रमाणावर वगळीत असेल, तर त्या अटीचा कामाशी संबंध आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी अट घालणाऱ्यावर पडते.

या कसोटीवर कंपनीच्या अटी टिकल्या नाहीत. दाखला नसलेले जुने गोरे कर्मचारी तीच कामे समाधानकारकपणे करीत होते, मग दाखल्यावाचून ती कामे होत नाहीत असे म्हणावयास आधार कोणता? कर्मचारीवर्गाचा एकूण दर्जा उंचावेल अशा सर्वसाधारण समजुतीवर या अटी घातल्या गेल्या होत्या. त्यांचा कामाशी कितपत संबंध आहे याचा अभ्यास कोणी केलेला नव्हता.

त्याच निकालपत्राचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि तो पुष्कळदा विसरला जातो. चाचण्या घेऊ नयेत, असे न्यायालयाने म्हटले नाही. पूर्वी अन्याय झाला एवढ्याच कारणाने कोणालाही पात्रतेवाचून नोकरी द्यावी, असेही म्हटले नाही. उलट, पात्रता हाच निर्णायक घटक व्हावा आणि वंश किंवा वर्ण यांना तेथे जागाच उरू नये, हा कायद्याचा उद्देश असल्याचे सांगितले. माणसाची परीक्षा घ्यावयाची ती त्या कामापुरती घ्यावी. एरवी तो किती शिकलेला आहे हे मोजण्यासाठी नव्हे, असा या निकालाचा सारांश आहे.

निकालाची व्याप्ती व मर्यादा

या तत्त्वाचा प्रभाव अमेरिकेबाहेरही पडला. ब्रिटनने १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात व १९७६ च्या वंशसंबंधविषयक कायद्यात 'अप्रत्यक्ष भेदभाव' ही कल्पना स्वीकारली, आणि पुढे २०१० च्या समानता कायद्यातही ती कायम ठेवली.

अमेरिकेत मात्र या तत्त्वाची वाट सरळ राहिली नाही. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'वॉर्ड्स कोव्ह' खटल्यात पुराव्याचा भार बव्हंशी कर्मचाऱ्यांवर टाकला. त्यावर अमेरिकी संसदेने १९९१ चा नागरी हक्क कायदा करून, अट कामाशी संबंधित व व्यवसायाच्या दृष्टीने आवश्यक असल्याचे दाखविण्याची जबाबदारी पुन्हा मालकावर ठेवली. २००९ साली 'रिची' खटल्यात प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. न्यू हेवन शहराच्या अग्निशमन दलातील बढतीच्या परीक्षेत वरच्या गुणांवर बहुतेक गोरे उमेदवार आल्याने शहर प्रशासनाने तो निकालच रद्द केला होता. ज्यांनी अभ्यास करून गुण मिळविले होते, त्यांच्यावर हा अन्याय आहे, असा निर्णय पाच विरुद्ध चार मतांनी झाला. अलीकडे २३ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशान्वये, केवळ परिणामाच्या निकषावर आधारलेल्या कारवाईस केंद्रीय यंत्रणांनी अग्रक्रम देऊ नये, असे ठरविण्यात आले. त्या आदेशाने १९९१ च्या कायद्यातील तरतूद रद्द झालेली नाही. परंतु शासनयंत्रणेचा पाठिंबा त्यामुळे मंदावला आहे.

या चढउतारातून अभ्यासकाने एक बोध घ्यावा. परीक्षा झाल्यावर, निकाल पाहून नियम बदलणे दोन्ही पक्षांना क्लेशकारक ठरते. अट कामाला आवश्यक आहे की नाही, हा विचार जाहिरात निघण्यापूर्वी झाला, तर कोणाच्याही हातचा घास काढून घेण्याचा प्रसंग येत नाही.

महाराष्ट्रातील विचारपरंपरा

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. अमेरिकेतील गुलामगिरीच्या निर्मूलनाकडे येथील समाजसुधारकांचे लक्ष पहिल्यापासून होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करण्यात आला, तेव्हा त्या अर्जाच्या प्रती मिळाव्यात म्हणून त्यांनी तेथील विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र पाठविले. अस्पृश्यता आणि वर्णभेद यांची कुळकथा एक नाही. परंतु जन्मावरून काम ठरविण्याची रीत दोहोंत समान आहे, ही जाणीव त्या पत्रव्यवहारामागे दिसते.

नोकरीतील संधीच्या बाबतीत तर कोल्हापूर संस्थानाने ग्रिग्ज खटल्याच्या जवळजवळ सात दशके आधी पाऊल उचलले होते. राजर्षी शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकरीतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. या आदेशातील एक कलम आजच्या प्रशासकांनी आवर्जून पाहण्याजोगे आहे. आदेशानंतर झालेल्या नेमणुकांचे विवरणपत्र प्रत्येक खातेप्रमुखाने दर तिमाहीस सादर करावे, असे त्यात सांगितलेले होते. सदिच्छा व्यक्त करून महाराज थांबले नाहीत. परिणामाचा हिशेब त्यांनी मागितला. आदेशाला जोड म्हणून विविध समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले. दाखला मागण्यापूर्वी शाळा दिली पाहिजे, हे तत्त्व यात अंतर्भूत होते.

महाराजांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. नोकऱ्या केवळ गुणवत्तेवर द्याव्यात, असा आग्रह धरणाऱ्या सांगलीच्या एका वकिलांना महाराज घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. तेथे प्रत्येक घोड्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधलेला होता. महाराजांनी सर्व चंदी एका ठिकाणी ओतावयास लावली व घोडे मोकळे सोडले. दांडगे घोडे पुढे घुसले. अशक्त घोडी व शिंगरे लाथांच्या भयाने दूर उभी राहिली. चंदी सर्वांसाठी एकाच जागी, सर्वांना मोकळी होती. पोट मात्र काहींचेच भरले. इसापाचा करकोचा आणि कोल्हापूरची पागा यांचे तात्पर्य एकच आहे.

राज्यघटनेतील समान संधी

भारताच्या राज्यघटनेचा सोळावा अनुच्छेद शासकीय सेवेतील समान संधीची हमी देतो. धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास यांवरून कोणासही अपात्र ठरविता येत नाही, आणि ज्या मागासवर्गांना सेवेत पुरेसे प्रतिनिधित्व नाही त्यांच्यासाठी जागा राखून ठेवण्याची मुभा राज्याला आहे. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीचे समर्थन करताना डॉ. आंबेडकरांनी दोन बाजूंचा मेळ घातला होता. सर्व नागरिकांना समान संधी हे तत्त्व राहावे, आणि प्रशासनात ज्यांना आजवर प्रवेशच नव्हता त्यांच्यासाठी वाट उघडावी. मात्र राखीव जागा अल्पांश राहाव्यात, म्हणजे मूळ तत्त्वालाच बाध येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले.

खात्यांतर्गत परीक्षेचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे केरळ राज्याच्या एका प्रकरणात आला. कनिष्ठ लिपिकाला वरिष्ठ लिपिक होण्यासाठी काही विभागीय परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक होते. केरळ शासनाने १९७२ साली नियम करून अनुसूचित जाती व जमातींच्या कर्मचाऱ्यांना त्यासाठी वाढीव मुदत दिली. नोंदणी खात्यातील एन. एम. थॉमस या लिपिकाने त्यास आव्हान दिले व उच्च न्यायालयात त्यांचा पक्ष मान्य झाला. परंतु १९ सप्टेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी शासनाचा नियम वैध ठरविला. परीक्षा रद्द झालेली नव्हती, ती उत्तीर्ण होण्यास अवधी मिळाला होता. असमान स्थितीतील लोकांचा वेगळा विचार करणे हे समान संधीच्या तत्त्वातच बसते, अशी भूमिका बहुमताने घेतली.

पुढे २५ मार्च २०२१ रोजी 'लेफ्टनंट कर्नल नितीशा विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्राने ग्रिग्ज खटल्याचा परामर्श घेऊन अप्रत्यक्ष भेदभावाची संकल्पना भारतीय कायद्यात स्पष्टपणे मांडली. सैन्यातील महिला अधिकाऱ्यांना स्थायी कमिशन देताना शारीरिक पात्रतेचा निकष पुरुषांप्रमाणेच ठेवला होता. निकष एकच, पण पुरुष अधिकाऱ्यांची तपासणी सेवेच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी झालेली होती, आणि न्यायालयीन लढ्यात वर्षे गेलेल्या महिलांना तीच तपासणी प्रौढ वयात द्यावी लागत होती. उशीर व्यवस्थेने केला होता, आणि वयाचा भार महिलांवर पडत होता.

नियम करणाऱ्यांसाठी चार प्रश्न

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एक उदाहरण येथे नमूद करावेसे वाटते. काही वर्षांपूर्वी एका गावी नळपाणी योजनेची माहिती घेण्यासाठी जाणे झाले. तेथे एक गृहस्थ नऊ वर्षे रोजंदारीवर पाणी सोडण्याचे काम करीत होते. कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवावयाचा, उन्हाळ्यात टाकी केव्हा भरून घ्यावयाची, हे त्यांना तोंडपाठ होते. जागा नियमित करावयाची ठरली तेव्हा दहावी उत्तीर्ण ही अट घालण्यात आली. गावात ज्या वस्तीपर्यंत शाळा सर्वांत उशिरा पोहोचली, त्या वस्तीतले हे गृहस्थ सहावीपर्यंत शिकलेले. जागा एका दहावी झालेल्या तरुणास मिळाली, आणि पहिले दोन महिने त्या तरुणाला काम शिकविले ते याच गृहस्थांनी. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. 'नियम सर्वांना एकच होता', असे तेथील मंडळींनी सांगितले, आणि प्रस्तुत लेखकानेही ते ऐकून मान डोलाविली. ती मान डोलाविणे चुकीचे होते, हे ग्रिग्ज खटल्याचा अभ्यास करताना ध्यानात आले.

जेथे शासनाने नियमान्वये अर्हता निश्चित केलेली असते, तेथे स्थानिक अधिकाऱ्यास ती बदलता येत नाही, व बदलूही नये. परंतु अनेक अटी स्थानिक पातळीवर केवळ प्रथा म्हणून घातल्या जातात. अशी अट घालण्यापूर्वी पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : ही अट नसेल, तर काम अडते काय? वाहनचालकास परवाना पाहिजे, हिशेबनिसास हिशेब आला पाहिजे, हे उघड आहे. परंतु पहारा, झाडलोट किंवा पाणी सोडणे या कामांना जे लागते तेच मागावे.

दुसरा प्रश्न : अट पूर्ण न करणारी माणसे आज तेच काम नीट करीत आहेत काय? तसे असेल, तर अटीचे समर्थन करणे कठीण आहे.

तिसरा प्रश्न : अटीमुळे कोण वगळले जाते? अर्ज किती आले व कोणत्या वस्तीतून आले, निवड कोणाची झाली, याची साधी नोंद ठेवली तरी उत्तर मिळते. सूचना केवळ चावडीवर लागली, आणि अर्ज फक्त संगणकावरून भरावयाचा असेल, तर पाड्यावरील व तांड्यावरील उमेदवारांपर्यंत संधी पोहोचलेलीच नसते.

चौथा प्रश्न : अट खरोखर आवश्यक असेल, तर ती पूर्ण करण्यास साहाय्य कोणते केले? केरळने मुदत दिली, कोल्हापूरने वसतिगृह दिले. ज्याला ज्याची उणीव आहे, त्याला ते देण्याचा मार्ग प्रत्येक वेळी शोधता येतो.

शिक्षकांच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व आगळे आहे. दाखला मागणारा नियम पुढे केव्हातरी होतो. दाखला मिळणार की नाही, हे मात्र शाळेच्या पटावर ठरते. ऊसतोडीसाठी आईबापांबरोबर गेलेला किंवा धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिलेली मुलगी म्हणून पटावरून गळालेला प्रत्येक विद्यार्थी, वीस वर्षांनी एखाद्या निष्पक्ष दिसणाऱ्या अटीपुढे थांबणार असतो. त्या वेळी त्याला थांबविणाऱ्याचे नाव कोणाच्याही लक्षात येणार नाही.

समारोप

ग्रिग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीव जागा मागितल्या नव्हत्या किंवा दयाही मागितली नव्हती. जे काम आपल्याला करता येते, ते करण्याची वाट कामाशी संबंध नसलेल्या अटीने अडवू नये, एवढेच त्यांचे मागणे होते. नियम सर्वांना सारखा असावा, हे समानतेचे पहिले सूत्र आहे आणि ते सोडता कामा नये. वशिल्याला आळा बसतो तो त्यानेच. परंतु त्या सूत्रावर थांबून चालणार नाही. आपण वाढलेले सर्वांच्या मुखात जाते आहे की नाही, हे पाहिल्यावाचून वाढणाऱ्याचे काम पूर्ण होत नाही. राजर्षींनी खातेप्रमुखांकडून दर तिमाहीस जो हिशेब मागितला, तो आपापल्या कार्यालयात, शाळेत व पंचायतीत आपण स्वतःहून ठेवू लागलो, तर समान संधी हे शब्द राज्यघटनेच्या पानावरून गावाच्या चावडीपर्यंत येण्यास वेळ लागणार नाही.